वाटजाईची उचल

वहिनी, तुमच्या तेराव्याचं जेवण उरलं. तुम्ही असतात तर आधी मला, मग आचाऱ्याला आणि शेवटी महेशला धारेवर धरलं असतंत. आमटीत मीठ कमी पडलं होतं, तेही पंगत उठायच्या आत सगळ्यांना ऐकवलं असतंत. महेश तुमचाच मुलगा, पण तुमची जीभ काही त्याला मिळाली नाही; तो आपला दारात हात जोडून उभा होता. पाहुणे गेले, मांडव सोडला, आणि मी तुमच्या ओट्यावर बसून हे लिहितोय. लोणावळ्याला परत जायचं अजून ठरवलेलं नाही. एरवी मी आलो की पाणी देतानाच तुम्ही विचारायचात, भावजी, जायची गाडी कितीची. मला त्याचा राग यायचा. आता कुणीच विचारत नाही.

तुम्ही लग्न होऊन या घरात आलात तेव्हा मी अकरावीत होतो. तेव्हापासून आपण भांडतोय. दादा म्हणायचा, तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडलं तर भिंतच आधी पळेल. दादा गेल्यावर तर आपल्याला आवरायलाही कुणी उरलं नाही. आणि भांडण तरी कशावरून? जमिनीवरून नाही, मानपानावरून नाही. वाटजाईवरून. कोहळ्याएवढा काळा दगड, नाकडोळे झिजून गेलेले, वर चांदीचे डोळे चिकटवलेले. टाकव्याच्या पुढे आपल्या एवढ्याशा गावात तिचं एवढंसं देऊळ. पण तुमच्या लेखी ती इथली नव्हतीच. पाहुणी होती. तिचं खरं नावसुद्धा तिकडेच राहिलं, म्हणायचात.

गोष्ट तुम्हाला सासूबाईंनी सांगितली होती, म्हणजे माझ्याच आईनं. मला मात्र तिनं ती कधी धड सांगितली नाही, कारण मी धड ऐकली नसती. वसईकडे फिरंग्यांचं राज्य होतं. देवळं पाडत होते, देव फोडत होते, घरातसुद्धा पूजा केली तर धरून नेत होते. तेव्हा आपल्या घरातल्या कुणा पुरुषानं देवी उचलली, पाटीत तांदूळ पसरून त्यात बसवली, वरून भाजीचा पाला टाकला आणि भाजी विकायला निघाल्यासारखा बाहेर पडला. कल्याण, कर्जत करत कुसूरच्या घाटानं वर आला. इथे येऊन पाटी उतरवली ती आजतागायत.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. तिकडे देवळं पाडली हे खरं, लोक आपापले देव घेऊन पळाले हेही खरं, एवढं मी मान्य करायचो. पण त्या पळणाऱ्यांत आपण होतो याला कागद कुठे आहे, असं विचारायचो. हे मी इतक्या वेळा विचारलं की एकदा तुम्ही भाकरी थापता थापता थांबलात आणि म्हणालात, "भावजी, पळनारा मानूस हातात कागद घेतो का देव?" मी त्यावरही काहीतरी बोललो होतो. काय बोललो ते आठवत नाही, तुमचं मात्र आठवतं.

त्या पळण्याची आठवण म्हणून आपल्याकडे उचल होते. चैत्र वद्य अष्टमीला घरातल्या पुरुषानं देवी बैठकीवरून उचलायची, पाटीत तांदळावर बसवायची आणि डोक्यावर घेऊन पश्चिमेच्या माळावर न्यायची. वाटेत बोलायचं नाही. माळावरून कोकणाकडचे कडे दिसतात. तिथे पाटी उतरवून तिला विचारायचं, आई, जायचं का माघारी? मग गप्प बसायचं. विडा रंगेपर्यंत थांबायचं. ती काही बोलत नाही. मग म्हणायचं, बरं, राहा मग. आणि परत आणायचं. म्हणूनच तिला कधी चुन्यात किंवा शिशात बसवली नव्हती. जी कधीही माघारी जाऊ शकते तिला मोकळीच ठेवायची. दादा होता तोवर दादानं नेली, मग महेशनं. मी शहरातला मास्तर, टॉवेल डोक्यावर घेऊन मागून चालायचो आणि सावली दिसली की थांबायचो.

आता त्या गोष्टीकडे येतो. सात वर्षं झाली, तरी मी ती कधी तुमच्यासमोर उच्चारली नाही.

आसपासच्या दोन गावांत मूर्ती चोरीला गेल्या आणि आपल्या गावात देऊळ नवं करायची टूम निघाली. मास्तर शिकलेले म्हणून मला समितीचा अध्यक्ष केलं. नाही म्हणायचं सोडून मी फेटा बांधून घेतला. फरशी बसवली, स्टीलचं रेलिंग केलं, शिखराला केशरी रंग दिला. आणि देवी सिमेंटात घट्ट बसवायचं ठरवलं. तुम्ही तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे पुण्याला होतात. तुम्ही परत येईपर्यंत थांबा, असं एकदोघांनी सुचवलं. मी थांबलो नाही. तुम्ही आलात की नाही म्हणाल हे मला ठाऊक होतं, म्हणूनच थांबलो नाही. वहिनी, हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

गवंडी आपला सिद्धार्थ होता. त्याच्या आज्यानं छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून त्या घराचा आपल्या देवीशी संबंध उरला नव्हता. तरी त्यानंच मला विचारलं होतं. कालवलेलं सिमेंट घमेल्यात तसंच ठेवून म्हणाला, मास्तर, मग उचलीचं कसं करनार? मी म्हणालो, देवीचा मोठा फोटो काढू, फ्रेम करू आणि पाटीत तो नेऊ. मग त्यानं थापी उचलली.

तुम्ही आलात. डोळ्यांवर काळा चष्मा होता. सकाळी देवीला आंघोळ घालायला गेलात, नेहमीप्रमाणे दोन्ही हातांनी तिला जरा पुढे ओढायला लागलात, आणि ती हलली नाही. पुन्हा ओढलंत. मी दारात उभा होतो. तुम्ही ओरडाल अशी माझी खात्री होती आणि उत्तरंही तयार होती. चोऱ्या, सुरक्षा, नवा काळ. तुम्ही वळून एवढंच म्हणालात, "पळून आलेल्या बाईला कडी लावली तुमी भावजी." मग तांब्या घेऊन निघून गेलात.

त्या चैत्रापासून पाटीत फोटो जायला लागला. तरुण मुलांनी बँजो आणला, गुलाल आला. कोमट वारा सुटला की फ्रेम हलायची आणि कुणीतरी ती हातानं धरून चालायचं. मला ते बघवत नव्हतं, पण मी सगळ्यांत पुढे असायचो. तुम्ही मिरवणुकीत आला नाहीत. मिरवणूक जायच्या आधी, उन्हं वर चढली की, तुम्ही घरातली जुनी पाटी काढायचात, तांदूळ पसरायचात, डोक्यावर घेऊन एकट्या माळावर जायचात. पाटी रिकामी. देवी नाही, फोटो नाही, नुसते तांदूळ. तिथे बसायचात, विचारायचात आणि परत यायचात.

तिसऱ्या वर्षी मी तुम्हाला वाटेत अडवलं. चारचौघांत म्हणालो, लोक हसतात, रिकामी पाटी घेऊन कुणाला नेता? वाटेत बोलायचं नसतं म्हणून तुम्ही तशाच पुढे गेलात. मला वाटलं मी जिंकलो. दुपारी ताक द्यायला आलात तेव्हा म्हणालात, "तिला येता येत न्हाई, म्हनून मी जाऊन येते. वाट मोडाया नगं." ताक तसंच ठेवून मी उठलो. रागानं उठलो, असं तुम्हाला वाटलं असेल. रागानं नव्हतो उठलो, वहिनी.

या फाल्गुनात तुम्हाला दम लागायला लागला. कामशेतच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो होतो. बाकड्यावर नंबर येईपर्यंत तुम्ही गावातल्या सगळ्यांच्या तक्रारी सांगून संपवल्यात आणि मग, जणू भाजी आणायला सांगावं तसं, म्हणालात, सोडवा की आता तिला. मी म्हणालो, समितीपुढे विषय ठेवावा लागेल. तुम्ही हसलात, हसता हसता खोकलात. म्हणालात, तुमीच तर समिती. मी म्हणालो, पावसाळा जाऊ द्या. तुम्ही मान हलवलीत. "मी हाय तवर करा," एवढंच बोललात, आणि तेवढ्यात आपला नंबर आला.

का नाही केलं, ते सांगतो. सिद्धार्थला बोलवायचं, छिन्नी लावायची, दोन तासांचं काम. समिती नाही म्हणाली नसती. पण उखडायला लागलं की लोक विचारणार, मुळात बसवली कुणी? पस्तीस वर्षं मी पोरांना चुकीला चूक म्हणायला शिकवलं, आणि स्वतःची चूक झाकायला देवीला बांधून ठेवलं. तुम्हाला हे कळत होतं. कळूनही तुम्ही मला माणसांत कधी उघडं पाडलं नाहीत. त्या एका गोष्टीवरून तुम्ही मला हवं तेवढं बोलू शकला असता, आणि तुम्ही माझ्या चहातल्या साखरेवरून भांडत राहिलात.

उचलीला चार दिवस असताना सकाळी महेशचा फोन आला. तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. उचलीचे तांदूळ निवडून डब्यात भरून ठेवले होतेत.

चौथ्या दिवशी अष्टमी आली. घरात सुतक, आणि सुतकात देवाला शिवायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत. समितीची मुलं सकाळीच येऊन सांगून गेली, बँजो आणणार नाही, फोटो साधेपणानं नेऊ, तुम्ही घरी राहा. शहाणी मुलं आहेत. मी बरं म्हणालो. मग आत गेलो तर महेश त्या डब्यापुढे बसला होता. मी त्याला म्हणालो, यंदा तुझ्या आईची पाटीसुद्धा जायची नाही बघ. तो कधी वर मान करून बोलत नाही तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी बोलला. म्हणाला, "काका, जो देवी घिऊन आला त्याला बी सुतक व्हतं."

मला हे माहीत नव्हतं. महेशनं सांगितलं, त्या माणसाची तान्ही लेक घाटाखाली वारली. तिला तिथेच पुरून त्यानं पाटी डोक्यावर घेतली आणि तो घाट चढला. सुतक संपायची वाट बघितली असती तर मागून येणाऱ्यांनी देवीही घेतली असती आणि त्यालाही. आई दरवर्षी सांगायची, महेश म्हणाला, पण तुमी ऐकायला नसायचा, काका. मी असायचो, वहिनी. गोष्ट घाटापर्यंत आली की मी मध्येच कागदाचं काढायचो. तुम्ही थांबायचात, भांडण सुरू व्हायचं, आणि पुढचं राहून जायचं. त्या माणसाला एक लेक होती हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

मी चप्पल घातली आणि सिद्धार्थच्या घरी निघालो. तो निम्म्या वाटेतच भेटला, हातात छिन्नी-हातोड्याची पिशवी. मी विचारायच्या आत म्हणाला, "मास्तर, आमी देव मानत न्हाई. पन मावशी दोनदा येऊन बोलली व्हती, मी गेले तरी सोडव म्हनून." म्हणजे तुम्ही माझ्यावर अवलंबून राहिलाच नव्हता. बरं केलंत.

देवळात मुलं फोटोला हार घालत होती. छिन्नी बघून सगळे थांबले. समितीतला एकजण म्हणाला, मास्तर, तुमीच बसवली, आता तुमीच उखडता, ते बी सुतकात? मी हो म्हणालो. त्याला वाटलं मी पुढे काही सांगेन. तेवढ्यात माझ्यामागून आलेल्या महेशनं रेलिंगची आतली कडी काढली.

दोन तास नाही, तीन तास लागले. सिद्धार्थ बैठकीशी पालथा पडून टकटक करत होता आणि मी वरून त्याला दर मिनिटाला सांगत होतो, दगडाला लागू देऊ नकोस. शेवटी त्यानं घाम पुसला आणि म्हणाला, आता जरा लागनारच मास्तर. तरीही खालच्या कडेचा एक कोपरा उडाला. करंगळीच्या नखाएवढा. तो तुकडा हातात घेतला आणि मी सगळ्यांदेखत रडलो. तुमच्या चितेपाशी रडू आलं नव्हतं.

महेशनं पाटी माझ्याच डोक्यावर दिली. मी नको म्हणत होतो, माझी मान, माझे गुडघे. तो म्हणाला, आज तुमी. वहिनी, ती जड आहे. इतकी जड असेल असं मला मागून चालताना कधी वाटलं नव्हतं. तांदूळ कानामागून घामात सांडत होते. बोलायचं नव्हतं हे बरं झालं. माळाच्या चढावर करवंदाची जाळी वाटेवर येते ना, तिथल्या फांद्या कापलेल्या दिसल्या. कापलेली टोकं अजून पुरती वाळली नव्हती. तुम्हाला दम लागत होता, तरी यंदाही जाऊन वाट साफ करून आला होतात.

माळावर पाटी उतरवली. कड्यांकडे धुरकट ऊन होतं. मी विचारलं, आई, जायचं का माघारी? हा प्रश्न मी आजवर पन्नासेक वेळा ऐकलाय आणि दरवेळी मनात हसलोय, कारण उत्तर येत नाही हे मला पक्कं माहीत होतं. त्या दिवशी मला भीती वाटली. सात वर्षं जिला मी डांबून ठेवलं ती हो म्हणाली तर मी कुठल्या तोंडानं तिला अडवणार होतो? आम्ही तिघे बसून राहिलो. सिद्धार्थ थोडा लांब, पाठ करून. बरं, राहा मग, हे महेशच म्हणाला.

परत आणल्यावर तिला पालथी करून तळ धुवायचा असतो आणि मगच बसवायची असते. ते काम घरच्या सुनेचं. महेशची बायको सुनीता पाणी घेऊन उभी राहिली आणि तिथेच थबकली. ती या घरात आली ती सिमेंट झाल्यानंतर. हळूच म्हणाली, काका, कसं धुत्यात मला ठावं न्हाई. आत्यांनी दाखवायचं र्‍हायलं. मग मीच मांडी घालून बसलो आणि देवी मांडीवर आडवी घेतली.

या घरातल्या कुठल्याही पुरुषानं तिचा तळ कधी बघितला नसेल. आम्ही उचलायचो आणि ठेवायचो. तळाशी दोन्ही कडांना दोन खळगे आहेत, वहिनी. टाकी लावून केलेले नाहीत. हातांनी झालेले आहेत. धुताना जिथे धरायचं तिथे धरून धरून दगड वाटीसारखा गुळगुळीत झालाय. मी माझे हात लावून बघितले, ते त्यात बसले नाहीत, बोटं बाहेर राहिली. किती जणी होत्या, मला मोजता येत नाही. माझी आई, तिची सासू, तिच्याही मागच्या. सगळ्यांत शेवटी तुमचे हात. आणि डाव्या खळग्यात मी बसवलेलं सिमेंट गच्च भरलेलं आहे.

सिद्धार्थ म्हणाला, हितं छिन्नी घातली तर दगडच जाईल, चिंच लावा आनि काथ्यानं घासा, निघंल तेव्हा निघंल. तेव्हापासून रोज सकाळी मी देवळात जातो. लोक म्हणतात मास्तर सुतकातही देवळात बसतात, म्हणू देत. सुनीता शेजारी बसते, तिला मी सांगतो, इथे धरायचं. चिंच लावतो, थांबतो, घासतो. इतक्या दिवसांत नखाएवढा दगड दिसायला लागलाय. परवा घासता घासता तोंडातून निघून गेलं, माझं चुकलं. मोठ्यानं निघालं. सुनीतानं दचकून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, काका, काय म्हनला? तिला पुन्हा सांगून काय उपयोग होता. ते तुम्हाला सांगायचं होतं.